बाटलीवालीच्या पाटीला हात

आमच्या गावकर मंडळाने माझ्या धाकट्या भावाला माफ केलं तेव्हा जिचं नुकसान झालं होतं ती बाई चाळीच्या जिन्याखाली उभी होती. तिला वर कोणी बोलावलं नाही. बोलवायचं राहून गेलं असं नव्हे. तिला बोलवायला हवं हेच कोणाला सुचलं नाही. वर नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे वाटले, चहा झाला आणि प्रकरण मिटलं. खाली ती हाताला फडकं बांधून उभी. चहाचं आधण मीच ठेवलं होतं, म्हणून मला हे नीट आठवतं.

लालबागला मी आले ती मावशीच्या खानावळीत हाताखाली. गावात चौथीपर्यंत शाळा होती, पाचवीची खाडीपलीकडे. त्यातच आई गेली, भाऊ अजून रांगत होता, तेव्हा शाळा आपोआपच सुटली. कोणी सोड म्हणालं नाही आणि कोणी जा म्हणालं नाही. पुढे वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि आम्हां दोघांना बोटीत बसवून दिलं. भाऊच्या धक्क्यावर मावशी घ्यायला आली होती. तिने बोचकं माझ्या हातातून घेतलं, त्या एका गोष्टीसाठी मी जन्मभर तिची ऋणी राहिले. पण उपकाराखाली राहणाऱ्या माणसाची झोप हलकी असते. हातून वाटी पडली तरी मला वाटायचं, आता बोट. आता परत.

खानावळीत आमच्याच गावचे गिरणीवाले जेवायचे. गॅलरीच्या टोकाला त्यांची गावची खोली होती. भिंतीला ट्रंका रचलेल्या, आणि ज्याची पाळी संपेल त्याने येऊन दुसऱ्याच्या उबदार वळकटीवर पडायचं. त्या खोलीतच मंडळ. मंडळाचे अध्यक्ष गिरणीत माणसं भरणारे जॉबर होते. गावात त्यांना धड बसायला ओटा नव्हता, पण मुंबईत अख्खं गाव त्यांच्या समोर उकिडवं बसायचं. कोणाला कामावर लावायचं, कोणाचं लग्न कुठे जुळवायचं, कोणाला वाळीत टाकायचं, सगळं ते तपकीर ओढताना ठरवत. नाक पुसून होईपर्यंत निर्णय तयार.

ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची. नाक्यावर रोज सभा. आमचे गिरणीवाले घसे बसवून घेऊन जेवायला येत आणि खुणेनेच आमटी मागत. चाळीतल्या पोरांनी विटीदांडू सोडून दिला होता. मोर्चा मोर्चा हाच खेळ. भाऊ तेव्हा बारा वर्षांचा, अंगाने काटकुळा, पण गळा असा की 'झालाच पाहिजे' म्हणाला की मावशीच्या डाळीला कढ येतो असं सगळे म्हणत. अध्यक्ष त्याला मुद्दाम पुढे उभं करत. "काय गळो आसा बघा झिलाचो! आमच्या गावचा पाणी!"

बाटलीवाली वरळीच्या चाळींतून यायची. रिकाम्या बाटल्या, पत्र्याचे डबे विकत घ्यायची. "डबा-बाटलीऽऽ" अशी तिची हाक. तिच्या लोकांनी नुकताच बौद्ध धर्म घेतला होता. त्या नव्या धर्माचं नाव आमच्या चाळीत कोणाच्या तोंडात बसत नव्हतं. जुनं मात्र सगळ्यांच्या जिभेवर तयार. तिच्याशी व्यवहाराची रीत ठरलेली होती. बाटली जमिनीवर ठेवायची, मागे सरायचं, मग तिने उचलायची. दिवस दारूबंदीचे, तेव्हा बाटलीत आदल्या दिवसापर्यंत काय होतं हे मी सांगत नाही. पण ज्या गिऱ्हाइकाच्या बाटल्या जास्त, तोच सर्वांत लांब सरायचा.

पाटी भरली की तिची पंचाईत व्हायची. भरलेली पाटी एकट्या माणसाला डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याने हात लावावा लागतो. ती अंगणात उभी राहून म्हणायची, "हात लावा वं कुनीतरी." आमच्या तीन मजल्यांच्या गॅलऱ्या बायकापुरुषांनी भरलेल्या असत. कोणी खाली उतरत नसे. मग रस्त्यावरून जाणारा एखादा हमाल, नाहीतर पाववाला येई, हात लावी, ती जाई. वर सगळे बघत असत. शिवायचं नाही हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. आम्ही सगळे चांगली माणसं होतो ना.

हरताळाच्या दिवशी तिला यायलाच नको होतं. पण पोटाला हरताळ कोण देणार? ती सकाळीच आली, पाटी भरली आणि तेवढ्यात नाक्याकडून गलका ऐकू आला. पोलिसांची गाडी आली होती. ती घाईघाईने म्हणाली, "हात लावा वं, मी जाते." रस्त्यावर त्या दिवशी हमाल नाही, पाववाला नाही, कोणी नाही. तिने वर पाहिलं. "अवं, एक जन तरी!" गॅलरीतली माणसं नाक्याकडे बघण्यात गुंग होती. निदान तसं दाखवत होती.

म्हणून पाटी जमिनीवर राहिली. म्हणून पोरांना ती दिसली.

दहा-बारा पोरं आली आणि बाटल्या उचलू लागली, पोलिसांवर फेकायला. तिने पाटी धरून ठेवली. ओढाओढीत ती पाटीवरच पडली, आणि फुटकी काच तिच्या उजव्या तळहातात शिरली. वरून अध्यक्षांचा आवाज आला, "शाब्बास रे झिलांनो! फोडा!" मी गॅलरीतच होते, हातात कणकेची परात. तो आवाज मी ऐकला, माझ्याशेजारच्यांनी ऐकला, सगळ्या मजल्याने ऐकला.

पोरं बाटल्या फेकून चार दिशांना पळाली. सगळी हुशार. आमचं ध्यान तेवढं रिकामी पाटी डोक्यावर उपडी घालून, 'झालाच पाहिजे' ओरडत, भर रस्त्याने मिरवत निघालं आणि थेट पोलिसांच्या पोटावर जाऊन आदळलं. पाटीमुळे त्याला पुढचं दिसत नव्हतं.

त्याला पोरांच्या कोठडीत नेलं. संध्याकाळी अध्यक्ष जेवायला बसले आणि मावशीला म्हणाले, "तो आपलो झील नाय. खानावळीतलो. गावचा नाव खय मधी घेव नका." कालपर्यंतचं गावचं पाणी एका दिवसात आटलं होतं. भात मात्र त्यांनी दोनदा मागून घेतला.

मग पोरांच्या कोर्टाचे एक साहेब आले, दादरचे. मनगटाला छत्री अडकवलेली, बोलणं पुण्याच्या वळणाचं, स्वच्छ, परीटघडीचं. त्यांनी मला समजावलं की मुलाला कोंडून ठेवून तो सुधारत नाही, त्याला समाजानेच पदरात घ्यायला हवं. वस्तीतली वजनदार माणसं जबाबदारी घेत असतील आणि मूल झालेलं नुकसान भरून देत असेल, तर बाई मॅजिस्ट्रेट त्याला घरी ठेवतात. नाहीतर मुंबईबाहेरच्या सुधारशाळेत रवानगी, मिसरूड फुटेपर्यंत. विचार चांगला होता. विचार बहुतेक वेळा चांगलेच असतात. ते चाळीच्या जिन्यावरून वर चढेपर्यंत त्यांचं काय होतं ते बघायला साहेब थांबत नाहीत, एवढंच.

मी अध्यक्षांचे पाय धरले. खरोखर धरले. ते तपकीर ओढत म्हणाले, "रडू नको गो बाय. गावकी कित्याक आसा मगे?" कोर्टाच्या कागदावर आपलं नाव वजनदार म्हणून लागणार, हे साहेबांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. भाऊ पुन्हा आपल्या गावचा झाला.

मंडळाची बैठक भरली. साहेबांसाठी खास खुर्ची आणली, बाकी सगळे खाली. भावाला साहेबांच्या हमीवर कोठडीतून आणून मध्ये बसवलं, पुढ्यात नारळ. मग अध्यक्षांनी कोकणातल्या रीतीप्रमाणे देवाला गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी हुंकार भरायचा.

"बा देवा महाराजा, ह्या लेकराकडसून काय चूकभूल झाली असात ती पदरात घे..."

"व्हय महाराजा!"

"आणि ह्येच्यार कोणी वायट नजर घातली असात, मागे इडापिडा लावली असात, तर ती दूर कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळी खोली गरजली. साहेबसुद्धा मान डोलवत होते. त्यांना लोकपरंपरा फार आवडत. वाईट नजर कोणी घातली होती? इडापिडा कोण? चोरी पोरांनी केली, हात तिचा फाटला, आणि देवाकडे दाद मागितली ती तिच्यापासूनच वाचवण्यासाठी. पण तेव्हा यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. भाऊ घरी आला एवढंच होतं. मी रडत होते आणि ज्याला त्याला चहा देत होते. रिकामे कप घेऊन खाली उतरले तेव्हा जिन्याखाली ती दिसली. तिने विचारलं, "झाली का पंचायत?" मी हो म्हटलं. ती वळली आणि चालू लागली.

कोर्टात साहेबांनी वाचून दाखवलं की वस्तीने प्रकरण आपसात मिटवलं आहे. मॅजिस्ट्रेटबाई साध्या पांढऱ्या लुगड्यातल्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी एकच विचारलं, "ती बाटलीवाली काय म्हणते?"

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी छताकडे पाहिलं.

"तिला विचारून या," बाई म्हणाल्या. "मूल तोवर मंडळाच्या जबाबदारीवर घरी. पुढच्या तारखेला ती स्वतः इथे येऊन बोलेल. ती बोलली नाही तर मी माझं ठरवीन."

विचारायला कोण जाणार? साहेबांना कामं होती. अध्यक्षांची पाळी होती. गावकीत एकाएकी सगळ्यांच्याच पाळ्या लागल्या. शेवटी मी आणि मावशी वरळीला गेलो.

ती दारातच बसली होती, हात मांडीवर ठेवून. आम्हांला पाहून उठली नाही.

"आली व्हय? आता काय आनलंय, नारळ?"

मावशी म्हणाली, "पोराचा चुकला. काय देऊ ता सांग."

"नारळ कुनाला दिला?"

"देवाक."

"बाटल्या माझ्या, पाटी माझी, रगात माझं. नारळ देवाला का? त्याचं काय फुटलं व्हतं?"

तिने आतल्या मुलीला चहा टाकायला सांगितला, आणि कप पुढे आला तसे तिचे डोळे आमच्या हातांवर आले. मावशीने कप उचलला, मी उचलला. ती तरीही काही विरघळली नाही. विरघळणारी बाई नव्हती ती. म्हणाली, "ह्या हातानं पाटी धरवत नाही. दोन पोरी हायत खायाला. तुमच्या त्या हिऱ्याच्या डोस्क्यावर पाटी चांगली बसती, मी बघितलंय. तवा रिकामी घिऊन पळाला, आता भरलेली घिऊन चालू दे. माझा हात बरा हुईस्तोवर, साळा सुटली की रोज. मी पुढं, त्यो मागं. हाक बी त्यानंच द्यायची. आन सुरवात तुमच्याच चाळीपासनं."

"आणि कोर्टात?" मी विचारलं.

"चालला तर बोलंन. न्हाई चालला तर तसं बोलंन."

मी हे मंडळात सांगितलं तेव्हा खोलीत आग लागली असती तरी एवढा गोंधळ झाला नसता. या वेळी खुर्ची नव्हती, साहेब नव्हते, त्यामुळे परंपराही जरा आखूड होती.

"आमच्या गावचो झील तिची पाटी डोक्यार घेतलो?" अध्यक्ष उभे राहिले. "गावाक गेल्यार तोंड खय दाखवू?"

पोराने चोरलं, त्याने तोंड लपवायची पाळी आली नव्हती. पोराने बाईला रक्तबंबाळ केलं, त्यानेही नव्हती. काठावर आलेलं गावचं नाव बुडणार होतं ते एका पाटीच्या ओझ्याने. कोणी म्हणालं, तिला दुसरं काही देऊन गप्प करा. कोणी म्हणालं, या लोकांना नव्या धर्माचा माज आलाय. कोणी तर म्हणालं, त्यापेक्षा पोर सुधारशाळेत गेलेलं बरं, निदान तिथे सगळे आपल्यातले असतील. शेवटी ठरलं ते असं : पोराने पाटी उचलली तर मंडळ कोर्टातली जबाबदारी सोडणार आणि मावशीच्या खानावळीत गावचा एकही माणूस जेवणार नाही.

खानावळ बंद म्हणजे आम्ही तिघंही रस्त्यावर, आणि ते माझ्या भावापायी. आता बोट, आता परत. मावशीच्या तोंडाकडे बघायचं धाडस होईना.

मावशी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "जेवूचा नसात तर नका जेवू. पण माझ्या पाटार बसान माझ्या पोरांका नाय ता बोलूचा नाय."

एवढं ऐकलं आणि माझ्या अंगात कुठून काय आलं कोण जाणे. मी पुढे झाले. पदर दातांत धरला होता, तो काढून म्हटलं, "काका, त्या दिवशी तुमी गॅलरीतसून शाब्बास म्हटलास. फोडा म्हटलास. बाई मॅजिस्ट्रेटांनी विचारल्यानी तर ह्या मी कोर्टात सांगू?"

अध्यक्षांचा तपकिरीचा चिमटा नाकाजवळ पोचला होता, तो तिथेच थांबला. खोलीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं ना. मग अध्यक्ष खाली बसले, नाक पुसलं आणि म्हणाले, "पोरगो ल्हान आसा. करूक देत काय ता." बस. एवढ्या वजनाचा माणूस एवढ्याशा फुंकरीने खाली बसला. इतकी वर्षं मी यांच्या ताटात वाढताना थरथरत होते याची मला इतकी शिसारी आली की चहाचे कप न उचलताच मी निघाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भाऊ तिच्या मागून अंगणात आला. डोक्यावर पाटी, नजर पायाच्या अंगठ्यावर. तिन्ही मजले गॅलरीत.

"हाक दे," ती म्हणाली.

"डबा-बाटली," तो पुटपुटला.

"मोठ्यानं! बाटल्या फोडाया गळा व्हता न्हवं?"

"डबा-बाटलीऽऽ!"

कोणीतरी वरून हसलं. दारं लागली. कोणीही बाटली आणली नाही. मग मावशी उतरली, दोन्ही हातांत खोबरेलाच्या आणि रॉकेलच्या बाटल्या, आणि जमिनीवर न ठेवता त्या सरळ बाईच्या हातात दिल्या. बाईने त्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाली, "हिला तडा गेलाय, ही न्हाई चालायची." मावशीला ते फार लागलं. पण ती तडा गेलेली बाटली घेऊन निमूट वर आली.

पुढे गंमत झाली. अध्यक्ष खाली बसले तरी गावकीने बहिष्कार घातलाच होता, पण तो पुढच्या जिन्यावर. मागच्या जिन्याने अध्यक्षांच्याच खोलीतून बाटल्या यायच्या, अंधार पडायच्या आत, फडक्यात गुंडाळून. त्या खोलीत जास्त दिवस ठेवायची सोय नव्हती. खानावळीतली गळालेली माणसं एकेक करून परत आली. तत्त्वासाठी माणूस पुष्कळ करतो, पण मावशीची तिरफळं घातलेली आमटी सोडून इराण्याचा पाव खाणं त्यांना जमेना. पाट घेतले आणि बसले. मावशीने वाढलं.

भाऊ मात्र बदलला वगैरे नाही. कुरकुरत जायचा, कुरकुरत यायचा. म्हणायचा, ती वाटाणे घेऊन देत नाही, नुसती ओरडते. मान दुखते म्हणायचा. पण एकदा गिरगावातून येताना एका माणसाने तिच्यापुढे बाटली जमिनीवर ठेवली आणि मागे सरला, तेव्हा हा त्याला म्हणाला, "हातात द्या. ती चावत नाही." घरी आल्यावर हे त्याने मला तक्रार म्हणून सांगितलं, त्यावरून बाईने त्यालाच झापलं होतं, गिऱ्हाईक तोडतोस म्हणून.

तारखेला ती आली. हाताचं फडकं निघालं होतं, तळव्यावर जाड वण. मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं, "याला माफ केलंत का?"

"माफी कशापायी? त्यानं पाटी वाहिली. माझा धंदा बुडाला न्हाई. आता त्याला सोडा. साळंत जाऊ दे, आन मला माझी हाक मारू दे. त्याच्या हाकेला मानसं भिऊन आत पळत्यात."

बाई हसल्या आणि त्यांनी सही केली. भाऊ सुटला. त्या दिवशी मी बाटलीवालीच्या पाया पडायला वाकले, तर ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "ते नगं. रस्ता सोड, मला उशीर झालाय." साहेबांनी आपल्या अहवालात लिहिलं की गावकर मंडळाच्या पुढाकाराने बालक समाजात पुन्हा सामावलं गेलं. त्यांनी तो मंडळाला वाचूनही दाखवला. तेव्हा खुर्ची परत आली होती.

पुढे महाराष्ट्र झाला. चाळीच्या अंगणात मांडव पडला आणि लढ्यात झिजल्याबद्दल अध्यक्षांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. शालीचं तबक धरायला माझ्या भावाला उभं केलं, सुधारलेला मुलगा म्हणून. अध्यक्षांनी आधी भाषण केलं. आमच्या मंडळाने वाट चुकलेल्या लेकरांना कसं पदरात घेतलं, हे सांगताना त्यांचा गळा दाटून आला. मला वाटतं तो खरोखरच दाटला होता. त्यांचा त्यावर विश्वास बसला होता.

भाषण संपलं. अध्यक्ष शालीसाठी पुढे झाले. तेवढ्यात मांडवाच्या कडेने हाक आली, "ए पोरा, हात लाव." उत्सवाच्या बाटल्यांनी पाटी शिगोशीग भरली होती.

भावाने तबक पुढच्या खुर्चीतल्या साहेबांच्या मांडीवर ठेवलं आणि गेला. त्याने पाटीला एका बाजूने हात लावला, तिने दुसऱ्या बाजूने, आणि पाटी डोक्यावर गेली. मांडवातली सगळी माणसं तिकडेच बघत होती. अध्यक्ष मान किंचित पुढे करून शाल यायची वाट पाहत राहिले.